केबल माझ्या हातात देणाऱ्या दादांना

दादा,

त्या रात्री तुम्ही निघालात तेव्हा मला धड दोन शब्दही बोलता आले नाहीत. दारात उभी राहून नुसती छत्री पुढे केली. ते मनात राहिलंय, म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांसमोर.

गणपतीची चवथ अठरा दिवसांवर आली होती. मुलांसाठी माटोळीचा, म्हणजे गणपतीवर टांगतात त्या रानफळा-फुलांच्या चौकटीचा, चित्रतक्ता करत होते. कवंडळ, घागऱ्या, हरणं, नारळाची पेंड, सुपारीचा घड. अकरा चित्रं झाली आणि लॅपटॉपची डिस्क गेली. नव्या डिस्कवर हाताशी होतं तेच लिनक्स मिंट 19 पुन्हा घातलं, आणि केबलने जोडून ज्यावर पेनाने चित्र काढते त्या टॅब्लेटला दाब कळेनासा झाला. बाण हलायचा, पण पेन टेकवा नाहीतर रेटा, क्रिता या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये रेघ एकाच जाडीची. कवंडळाची लालबुंद गोलाई अशा रेघेने कशी काढणार?

दोन दुकानं फिरले. एकाने माझं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. ‘लिनक्स काढा, विंडोज घाला.’ दुसऱ्याने नऊ दिवस ठेवून घेतला आणि टॅब्लेट गेला, नवा घ्या म्हणून परत दिला. घरी येऊन पाहते तर केबलला मी बांधलेला दोरा तसाच, गाठसुद्धा माझीच. लावूनही पाहिला नव्हता. ते आठवलं की अजून संताप होतो.

आणि तुम्ही साखळीहून गोव्याच्या कदंब बसने, भर पावसात, फोंड्याला आलात. आल्या आल्या म्हणालात, ‘आधी एक कवंडळ काढून दाखवा.’ रेघ पाहिलीत, मग लॅपटॉप जवळ ओढलात. बसमध्ये खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसं झालंय, म्हणालात. कीबोर्ड, माऊस, जे येईल ते सांभाळणारा एचआयडी-जेनेरिक हा ड्रायव्हर आधी जाऊन बसतो आणि टॅब्लेटची भाषा जाणणारा युसी-लॉजिक उभाच राहतो. निकोलाय कोंद्राशोव्ह यांच्या डिजिमेंड प्रकल्पातला तो ड्रायव्हर मी घातला होता, पण टॅब्लेट त्याच्या हाती सोपवणारी, लिनक्समध्ये जोडलेली उपकरणं पाहणाऱ्या युडेव्हची नियम-फाईल माझ्याकडून राहूनच गेली होती. माझ्या लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, 4.15. त्याच्या पुढच्याच, 2018 च्या 4.16 पासून जेनेरिक स्वतः उठून जागा देतो, हेही सांगितलंत. ‘पण ते चवथीनंतर. ऐन सणात घराचे वासे बदलू नयेत.’

ती फाईल घालून झाली आणि रेघ बारीक-जाड उमटली तेव्हा मला रडू आलं. तुम्ही तेवढ्यावर उठला असतात तरी मी जन्मभर नाव काढलं असतं. पण तुम्ही केबल काढलीत, पुन्हा लावलीत, आणि मग ती माझ्या हातात दिलीत. ‘आता तुम्ही काढा. तुम्ही लावा.’ मी घाबरत लावली. चाललं. ‘परत.’ तिसऱ्यांदा लॅपटॉप बंद करून सुरू करायला लावलात, आणि तोवर साखळीची बस चुकेल म्हणून मी घड्याळ पाहत होते, तुम्ही नाही. त्या दुरुस्तीच्या दोन ओळी माझ्या चित्रांच्या वहीत मागच्या पानावर लिहून दिल्यात, खाली मराठीत अर्थ. मी कुणावर अवलंबून राहू नये, याची काळजी तुम्हाला माझ्याहून जास्त होती.

जाणकार पुष्कळ भेटतात. समोरच्याचं काम आपल्याइतकंच मोलाचं मानून शेवटपर्यंत बसणारा माणूस मला तरी फार क्वचित भेटला. आमच्याकडे अशा वेळी जे म्हणतात तेच म्हणते, देव बरें करूं.

तक्ता चवथीच्या चार दिवस आधी शाळेत लागला. कवंडळ वर डावीकडे आहे. केबल मी आता रोज काढते, रोज लावते. आणि छत्री परत करायच्या निमित्ताने तरी या. पातोळ्या करीन.

तुमची,
फोंड्याची चित्रकार