आशाअक्का, आत्याबाईंच्या बांगड्या तुम्हाला दिसल्या

आशाअक्का, नमस्कार.

गेल्या श्रावणात तुम्ही आशा कार्यकर्ती म्हणून आमच्या दारी आलात ते डेंग्यूच्या अळ्या शोधायला. बॅरल, हौद बघून झाला आणि जाता जाता तुमची नजर आमच्या सासूबाईंच्या, म्हणजे आत्याबाईंच्या, हाताकडे गेली. "अव्वा, बांगड्या कोपरापर्यंत कशा सरकल्या?" त्या एका प्रश्नासाठी हे पत्र लिहितेय.

आत्याबाईंनी निपाणीत तंबाखूच्या वखारीत तीस वर्षं काढली, आणि घरी आल्यावर चुलीचा धूर. विडीला कधी हात लावला नाही, तरी सीओपीडी, म्हणजे फुफ्फुसाचा धापेचा जुनाट आजार, झाला. दम्याची माणसं अशीच वाळतात, असं आम्ही धरून चाललो होतो. त्यात कफ वाढेल म्हणून त्यांचं दूध, केळं, दही मीच बंद केलं होतं. रात्री अर्धी भाकरी, पातळ आमटी, बस्स. हे आठवलं की अजून पोटात तुटतं.

उपकेंद्रात तुम्ही वजन केलंत, 38 किलो. माघातली दवाखान्याची कन्नड चिठ्ठी आमच्याकडे नुसती घडी घालून ठेवलेली. ती तुम्ही वाचलीत, तीवर 43 होतं. सहा महिन्यांत पाच किलो! उंची चार फूट दहा इंच, म्हणजे बीएमआय, उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, 17.5. अठरा पूर्णांक पाचच्या खाली गेला की काळजीचं, हे मला तेव्हा कळलं. वजन असं उतरलं तर आधी टीबी बघायचा, म्हणून थुंकी तपासायला तुम्हीच घेऊन गेलात. टीबी निघाला नाही. मग डॉक्टर कन्नडात सांगत होते ते तुम्ही शेजारी बसून आत्याबाईंना मराठीत सांगितलंत.

त्यातलं एक माझ्या मनातून जात नाही. अशा आजारात नुसता श्वास घ्यायलाच शरीराची ताकद जास्त खर्च होते, आणि धाप लागते म्हणून माणूस खातो कमी. मग शरीर स्वतःचंच मांस खातं, त्यात श्वासाचे स्नायूही आले. ते दुबळे झाले की धाप वाढते, खोकून कफ बाहेर टाकायची ताकद राहत नाही, आणि जेवण आणखी सुटतं. दुधाने कफ तयार होत नाही, घशाला जरा दाट वाटतं इतकंच, हेही तुम्ही दोनदा समजावलंत. मला एकदा पटलं नव्हतं.

आता दिवसातून सहा वेळा थोडं थोडं. दुधात कुस्करलेली भाकरी, मऊ भातावर तूप, उकडलेलं अंडं, आमटीत शेंगदाण्याचं कूट, नाचणीची दुधातली पेज. जेवणाआधी अर्धा तास विसावा, ताठ बसून सावकाश खाणं, पाणी जेवण झाल्यावर, नाहीतर पोट पाण्यानेच भरतं. श्वासाचा औषधी पंप ओढल्यावर चूळ भरायची, कारण तोंड आलं की चवच जाते. चूल बंद केली, गॅस आला.

काल वजन केलं, 41. न्हाणीपर्यंत आता मधे न थांबता जातात.

तुम्हाला महिन्याला काय मिळतं आणि त्यासाठी तुम्हाला किती वेळा रस्त्यावर बसावं लागतं, ते आम्ही बघतो. आत्याबाईंकडे बघायचं काम त्या दिवशी तुमच्या कागदावर नव्हतं, अक्का.

तुम्ही येताना गल्लीच्या तोंडाशीच हाक देता, "अव्वा, ऊट आयता?" म्हणजे जेवण झालं का? कन्नड न येणाऱ्या आमच्या आत्याबाई आता आतूनच ओरडतात, "आयतु, आयतु! अंडंबी खाल्लं!"

तुमची,
मधल्या गल्लीतली सून