किराणा घेणारी बाईही करदातीच

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सांगलीत माझं किराणा दुकान आहे. वडिलांनी सुरू केलं, मी गेली एकतीस वर्षं गल्ल्यावर बसतो. महिन्याच्या पहिल्या आठवड्यातली गोष्ट. दुकानात गर्दी होती. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या एक ताई शेजारच्या बाईंना विचारत होत्या, ‘लाडक्या बहिणी’चे पंधराशे आले का म्हणून. मागे उभ्या असलेल्या एका नोकरदार गिऱ्हाइकाने सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, “आम्ही टॅक्स भरायचा आणि यांना फुकट वाटायचं.” ताई काही बोलल्या नाहीत. पिशवी उचलून पायरी उतरून गेल्या. मला ते फार लागलं, कारण त्यांचं बिल माझ्यासमोर होतं.

साडेनऊशेचं बिल. पाच किलो सुटी ज्वारी आणि किलोभर सुटी तूरडाळ, यांवर जीएसटी नाही. बाकी सगळ्यावर आहे. तेलाच्या १४७ रुपयांच्या दोन पिशव्या, त्यांत १४ रुपये कर. साखर ८४ ची, त्यात ४. चहापूड १०५ ची, त्यात ५. टूथपेस्ट ६३ ची, त्यात ३. सप्टेंबर २०२५ मध्ये टूथपेस्टवरचा दर अठरावरून पाच टक्क्यांवर आला म्हणून एवढाच. धुण्याच्या पावडरीवर मात्र अजून अठरा टक्के, म्हणजे ५९ रुपयांच्या पुड्यात ९ रुपये कराचे. एकूण ३५ रुपये. हे ताईंनी दिले, मी नाही. मी ते गोळा केले. होलसेलवाल्याला माल घेताना दिलेला कर वजा करून उरलेला मी दर महिन्याला वीस तारखेच्या आत सरकारजमा करतो. लोक म्हणतात दुकानदार जीएसटी भरतो. भरतो दुकानदार, सोसतो गिऱ्हाईक. म्हणूनच तो अप्रत्यक्ष कर. प्राप्तिकर प्रत्यक्ष, कारण ज्याची कमाई त्यालाच तो सोसावा लागतो, दुसऱ्याच्या गळ्यात घालता येत नाही.

वडिलांच्या काळात जकात होती. मालाचा टेम्पो नाक्यावर थांबायचा, पावती फाटायची, ती वडील तारेला टोचून ठेवायचे. तोही अप्रत्यक्षच कर, पण डोळ्यांना दिसायचा. आता तो छापील किमतीच्या पोटात असतो. पगारपत्रकावर कापलेला प्राप्तिकर दर महिन्याला दिसतो आणि टोचतो, हे मला कळतं. त्या साहेबांचा राग खोटा नव्हता. पण त्यांच्या आणि ताईंच्या तेलाच्या पिशवीवर कर तेवढाच, सात रुपये. साहेबांच्या पगारातून शिल्लक पडते, तिच्यावर जीएसटी लागत नाही. ताईंची कमाई महिनाअखेरीला सगळी खर्चलेली असते.

दुसरी गोष्ट. लाडकी बहीण ही राज्याची योजना आहे आणि प्राप्तिकर वसूल करतं केंद्र. त्यातला वाटा वित्त आयोगाच्या सूत्राने राज्यांना मिळतो, हे खरं. पण राज्याच्या स्वतःच्या तिजोरीत सगळ्यात मोठी भर पडते ती राज्य जीएसटीची. माझ्या बिलातल्या ३५ रुपयांपैकी साडेसतरा थेट तिथे जातात. शिवाय पेट्रोल-डिझेलवरचा व्हॅट आहे, मुद्रांक शुल्क आहे. पगारदार राज्याला व्यवसाय कर भरतो, त्याची कमाल मर्यादा वर्षाला २,५०० रुपये. योजना असावी की नसावी, यावर वाद जरूर घालावा. पण त्या पैशांत ताईंचे स्वतःचेही पैसे आहेत, हे मान्य करून घालावा.

आणि आता तर २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत प्राप्तिकर शून्य झाला आहे. माझ्या गिऱ्हाइकांतले कितीतरी शिक्षक, क्लार्क, बँकेतले कर्मचारी त्यात बसतात. ते आता करदाते राहिले नाहीत, असं कोणी म्हणेल का?

हे पत्र आपल्याला लिहिण्याचं कारण असं की हा गैरसमज आपल्यासारख्या वर्तमानपत्रांतूनही पसरतो. ‘देशात करदाते मूठभर’, ‘करदात्यांना दिलासा’ अशा मथळ्यांत करदाता म्हणजे फक्त प्राप्तिकर भरणारा असतो. माझी विनंती एवढीच की तिथे ‘प्राप्तिकरदाते’ असं छापावं. अक्षरं दोनच वाढतील.

त्या ताई चार दिवसांनी साबण न्यायला आल्या, तेव्हा मी त्यांना जुनं बिल काढून कराचा आकडा दाखवला. त्यांनी तो दोनदा विचारून घेतला आणि बिल घडी करून पर्समध्ये ठेवलं.

आपला,
एक किराणा दुकानदार, सांगली