‘प्रगत देशांत’ म्हणजे नेमकं कुठे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत कामगार कायद्यांवर जो लेख आलाय, त्यात एक वाक्य आहे : ‘प्रगत भांडवलशाही देशांत मालकाला माणसं कमी करायची मोकळीक असते.’ हे वाक्य मी तीस वर्षं ऐकत आलोय, बहुतेकदा वेतन कराराच्या बोलणीत आणि तेही टेबलाच्या पलीकडून. माझं विचारणं एवढंच, की प्रगत देशांत म्हणजे कुठे?

मी चाकणच्या एका कारखान्यात टूलरूमला, म्हणजे साचे-हत्यारं बनवणाऱ्या विभागात होतो. मालक जर्मन, नाव लिहीत नाही. मूळ कारखाना श्टुटगार्टजवळ, दुसरा अमेरिकेत साउथ कॅरोलिनात, तिसरा आमचा. २००९ च्या मंदीत फिक्स्चरच्या, म्हणजे मशीनवर जॉब धरून ठेवणाऱ्या साधनाच्या कामासाठी मी तीन महिने जर्मनीत होतो, त्यामुळे एकच मालक तीन ठिकाणी कसा वागतो ते एकदमच बघायला मिळालं.

पहिल्याच शुक्रवारी कारखान्यात गेलो तर शॉप रिकामं. मशीन बंद, दिवे अर्धे. मला वाटलं संप झाला. माइस्टर, म्हणजे तिथला आमच्या फोरमनसारखा माणूस, म्हणाला, ‘कुर्त्सआर्बाइट.’ ऑर्डर नाहीत म्हणून माणूस काढायचा नाही, त्याचे तास कमी करायचे. बुडालेल्या निव्वळ पगाराचे ६० टक्के, घरात मूल असेल तर ६७ टक्के, बेरोजगारी विम्याच्या सरकारी खात्यातून मिळतात. त्या वर्षी जर्मनीचं एकूण उत्पन्न पाच टक्क्यांच्या वर घसरलं, तरी बेकारी जेमतेम हलली. अमेरिकेत ती ऑक्टोबरात दहा टक्क्यांवर गेली होती.

यात मालकाचा दानधर्म काही नव्हता. माइस्टरचा हिशेब सरळ होता : फिटर तयार व्हायला साडेतीन वर्षं लागतात, उद्या ऑर्डर आल्या तर आणू कुठून? शिकाऊ पोरं आठवड्यातले तीन-चार दिवस कारखान्यात आणि बाकीचे शाळेत. शेवटची परीक्षा कंपनी घेत नाही, त्या भागातलं उद्योग-व्यापार मंडळ घेतं. म्हणून ते सर्टिफिकेट दुसऱ्या कारखान्याच्या दारातही चालतं. सतरा वर्षांचा एक पोरगा लोखंडाचा ठोकळा कानशीने सपाट करत होता. माइस्टर ठोकळ्यावर पट्टी ठेवून खिडकीच्या उजेडात धरायचा. पट्टीखालून उजेडाची रेघ दिसली की ठोकळा परत व्हाइसमध्ये. मी मोजलं, सकाळपासून नऊ वेळा. आपल्या आयटीआयमधून आलेल्या पोरांना मी असा वेळ कधी दिला होता, हे तेव्हा मनात आलं आणि जरा ओशाळल्यासारखं झालं.

मालकाचे हातही बांधलेले होते. कारखान्यात कामगारांनी निवडून दिलेली समिती असेल, तर तिचं म्हणणं न ऐकता कुणाला काढलं तर ती नोटीसच बाद ठरते. दोन हजारांहून जास्त कामगार असलेल्या कंपनीत देखरेख मंडळाच्या, म्हणजे संचालकांवर नजर ठेवणाऱ्या मंडळाच्या निम्म्या जागा कामगारांच्या. मात्र मतं समसमान पडली तर अध्यक्षाचं जादा मत, आणि अध्यक्ष शेवटी भागधारकांच्या बाजूचा. कामगारांचं राज्य वगैरे कुणी समजू नये.

साउथ कॅरोलिनातल्या एका ड्राफ्ट्समनशी माझी ड्रॉइंगबद्दल रोज मेल चालायची. मंगळवारच्या प्रश्नाला उत्तर आलं नाही. गुरुवारी परत विचारलं, तर माझीच मेल परत आली, असा पत्ता नाही म्हणून. माँटाना सोडलं तर तिकडे कुठल्याही राज्यात, करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल तर, कारण न सांगता माणूस काढता येतो. आरोग्य विमाही बहुधा नोकरीबरोबरच जातो. पण हेही सांगतो, दीड वर्षाने त्याची स्वतःच्या पत्त्यावरून मेल आली. दुसरीकडे लागला होता, पगार जास्त. घेतानाही तिथे फार विचार करत नाहीत.

आणि चाकण? आम्ही परमनंट वाचलो. शंभरावर कामगार असले की कपातीला सरकारी परवानगी लागायची ना! कंत्राटी पोरांचे गेटपास मात्र एका सोमवारी चालले नाहीत. हातात डबे घेऊन पोरं गेटवर उभी होती, असं मला फोनवर कळलं. नोटीस नाही, कारण कागदावर ती आमची नव्हतीच, ठेकेदाराची होती. म्हणजे लेखक जी मोकळीक मागताहेत ती आपल्याकडे मागच्या दाराने आधीच आलेली आहे. अमेरिकेत निदान बेकारी भत्ता मिळतो. डेन्मार्कमध्येही माणूस काढणं सोपं आहे, पण बेकारी निधीचा सभासद असेल तर त्याला दोन वर्षांपर्यंत भत्ता मिळतो. घ्यायचंच तर मोकळीक आणि भत्ता दोन्ही घ्या.

जर्मनीची आरती ओवाळायची नाही मला. फोक्सवॅगनच्या मंडळात निम्मे कामगार प्रतिनिधी असूनही २०१५ चा डिझेल घोटाळा, म्हणजे गाड्यांच्या धुराच्या चाचणीतली फसवणूक, व्हायचा तो झालाच. त्याच कंपनीत २०३० पर्यंत ३५ हजारांहून जास्त जागा कमी करायचं डिसेंबर २०२४ मध्ये ठरलं. फक्त युनियनशी करार करून आणि कुणाला सक्तीने न काढता.

निम्म्या जागांचा तो जर्मन कायदा १९७६ चा. त्याच वर्षी आपण ४२ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ४३-अ घातला : उद्योगांच्या व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग. पण घातला मार्गदर्शक तत्त्वांत, जिथे कोर्टात दाद मागता येत नाही. माझ्या सगळ्या नोकरीत हा अनुच्छेद मला एकदाच भेटला, युनियनच्या डायरीत, शेवटच्या पानावर.

जाता जाता एक दुरुस्ती. जर्मनीत किमान वेतनाचा कायदा ‘युद्धानंतर लगेच’ झाला असं लेखात छापलंय. देशभराचं किमान वेतन तिथे १ जानेवारी २०१५ पासून लागू झालं, तासाला साडेआठ युरो. तोवर त्या त्या धंद्यातल्या युनियन आणि मालक संघटना आपसात दर ठरवत. स्वीडनमध्ये तर असा कायदा आजही नाही.

– एक निवृत्त टूलरूम सुपरवायझर, चिंचवड