दीड अंशाची वसुली कोण करणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आम्हा रावेर-यावलच्या केळीवाल्यांचा जीव उन्हाळ्यात पाऱ्यात अडकलेला असतो. फळपीक विम्याची भरपाई मिळायची तर सलग ठरलेले दिवस तापमान ठरलेल्या आकड्याच्या वर राहायला हवे. मधल्या एका दिवशी अर्धा अंश कमी भरला की संपले. मग बागेत घड सटकून पडले असले तरी विचारतो कोण? म्हणून जगाची तापमानवाढ दीड अंशावर रोखण्याची पॅरिस कराराची भाषा आमच्याकडे कुणाला किरकोळ वाटत नाही.

भारताने २ ऑक्टोबर २०१६ रोजी, गांधीजयंतीचा मुहूर्त साधून, हा करार स्वीकारला. पण करारात गोम आहे. उत्सर्जन किती आवरायचे तो आकडा ज्याचा त्यानेच लिहायचा, आणि पाळला नाही तर दंड नाही. देखरेखीला समिती आहे, पण तिने शिक्षा करायची नाही, हेही करारातच लिहिलेले! आमच्या विकास सोसायटीने अशा अटींवर पीककर्ज वाटले, तर मार्चअखेर वसुली किती होईल ते सांगायला नको.

मग वसुलीला लोकांनीच बसावे लागते. नेदरलँड्समध्ये ‘उर्गेंडा’ या संस्थेसोबत ८८६ नागरिकांनी स्वतःच्या सरकारला कोर्टात खेचले. २०२० संपेपर्यंत उत्सर्जन १९९० च्या तुलनेत किमान २५ टक्क्यांनी खाली आणा, हा आदेश तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये कायम केला.

एवढ्या लांब कशाला, आपले मणिबेली आठवा. नर्मदाकाठचे हे गाव तेव्हा धुळे जिल्ह्यात होते. सरदार सरोवराला कर्ज देणाऱ्या जागतिक बँकेला तिच्याच पुनर्वसनाच्या नियमांची आठवण करून देत तिथले आदिवासी ठाण मांडून बसले. बँकेला स्वतंत्र समिती नेमावी लागली, तिच्या १९९२ च्या मोर्स अहवालाने बँकेच्याच चुका दाखवल्या आणि मार्च १९९३ मध्ये उरलेले कर्ज रद्द झाले. धरण थांबले नाही, हेही खरे. पण कागदावरचा नियम सातपुड्यातून वॉशिंग्टनपर्यंत विचारता येतो, हे कळले.

सरकारने काहीच केले नाही, असे मी म्हणणार नाही. निम्मी वीजक्षमता कोळसा-तेल-वायूविना उभारण्याचे, या करारात आपणच लिहून दिलेले २०३० चे उद्दिष्ट २०२५ मध्येच गाठले गेले. साक्रीच्या माळावरचे सौर पट्टेही त्यातलेच. मात्र क्षमता वेगळी आणि तारेतून येणारी वीज वेगळी. ती अजून बहुतांश कोळशाचीच आहे. हवामानबदलाला तोंड द्यायला गरीब देशांना २०२० पर्यंत वर्षाला १०० अब्ज डॉलर देऊ, असा शब्द श्रीमंत देशांनी २००९ मध्ये दिला आणि तो आकडा गाठला २०२२ मध्ये. त्यांना जाब विचारावाच, पण त्यामुळे आपल्या वहीचा हिशेब टळत नाही.

खान्देशातून चार खासदार लोकसभेत जातात. प्रचाराला आले की आम्ही केळीचा भाव विचारतो, रेल्वेचे डबे मागतो. भारताने जगाला दिलेल्या शब्दाचे काय झाले, हे कुणी विचारल्याचे मला आठवत नाही. मीही विचारलेले नाही. येत्या ग्रामसभेत तसा ठराव मांडायचा विचार आहे. त्यासाठी भारताची ती वचने सोप्या मराठीत, जशीच्या तशी हाताशी हवीत. आपल्या अंकात तेवढी एक चौकट छापाल का?

– एक केळी उत्पादक, ता. रावेर, जि. जळगाव