काकू, ताकाओच्या वाटेवरचा डबा अजून माझ्याकडेच आहे

आदरणीय काकू,
सप्रेम नमस्कार.

नोव्हेंबरअखेरच्या त्या शनिवार-रविवारी तुम्ही आम्हा चौघींना घराबाहेर काढलेत, त्याबद्दल तुमचे आभार मानायचे राहूनच गेले. समोर असताना तुम्ही "पुरे गं" म्हणून विषय बदलता, म्हणून हे जाहीर पत्र.

टोकियोला येऊन मला आठ महिने झाले होते, पण माझे टोकियो म्हणजे निशी कासाईतली खोली, ऑफिस आणि कोपऱ्यावरचे कोंबिनी, म्हणजे खाऊ-किराण्याचे छोटे दुकान, एवढेच होते. भाषा येत नाही, शाकाहारी काय मिळेल ठाऊक नाही, वाट चुकलो तर विचारायचे कोणाला, या धास्तीने आम्ही मैत्रिणी सुट्ट्या एकमेकींच्या खोलीत बसून काढत असू. तुम्ही फक्त एवढेच म्हणालात, "शनिवारी सकाळी सातला स्टेशनवर या, डबा मी आणते."

शिंजुकूहून केइओ लाइनने तासाभरात ताकाओ डोंगराच्या पायथ्याशी ताकाओसानगुची स्टेशनवर उतरलो. सिंहगड चढलेल्या मुलींना ५९९ मीटरच्या ताकाओचे काय, असे माझ्या मनात होते. पण तुम्ही निवडलेली सहाव्या क्रमांकाची वाट ओढ्याच्या काठाकाठाने जाते आणि शेवटी तर ओढ्यातल्या दगडांवरूनच चढते, आणि नेमका तिथेच माझ्या जुन्या बुटाचा सोल पुढून सुटून लोंबू लागला. मागे लोकांची रांग होती आणि मला रडू यायचेच बाकी होते. तुम्ही ओल्या दगडावर बसलात, डब्याभोवती गुंडाळलेला जुन्या सुती साडीचा फडका सोडलात, दाताने कड तोडून त्याच्या दोन पट्ट्या फाडल्यात आणि माझा पाय स्वतःच्या मांडीवर घेऊन एक पट्टी पंज्यावर व दुसरी घोट्याशी बांधलीत. गाठ तुम्ही मुद्दाम बाजूला घेतलीत, तळव्याखाली आली तर पाय घसरेल म्हणून. वयाने माझ्या आईएवढ्या असलेल्या तुम्ही माझा चिखलाचा बूट मांडीवर घेतलात, हे मी विसरणार नाही.

माथ्यावर फुजी स्वच्छ दिसला. धपाटे खाताना पुढे जिम्बा डोंगरापर्यंत जाण्याचा हट्ट आम्ही धरला, तेव्हा तुम्ही घड्याळ दाखवलेत. दोन वाजले होते. इथे या दिवसांत साडेचारलाच सूर्य मावळतो, पुण्यासारखा सहापर्यंत उजेड राहत नाही आणि झाडीत तर त्याआधीच अंधारते, असे सांगून तुम्ही आम्हाला पहिल्या, फरसबंदीच्या वाटेने याकुओइन मंदिरावरून खाली आणलेत. तेव्हा मी मनातून नाराज होते, हे आज कबूल करते. पायथ्याशी पोहोचलो तेव्हा दिवे लागले होते, आणि त्या बांधलेल्या बुटाने मी अंधारात रानात असते तर काय झाले असते, हे मला तिथे कळले.

रविवारी तुम्ही माझ्यासाठी तुमच्या मुलीचे बूट घेऊन आलात. किता-कामाकुरा स्टेशनहून दाइबुत्सूकडे, म्हणजे महाबुद्धाच्या मूर्तीकडे, जाणाऱ्या डोंगरवाटेत झेनिआराई बेंतेन मंदिराच्या गुहेत लोक टोपलीत नाणी धूत होते, आणि बेंतेन म्हणजे आपली सरस्वतीच, हे तुम्ही सांगताच आमचे हात आपोआप जोडले गेले. उघड्या आभाळाखाली बसलेला तो अकरा मीटरहून उंच ब्राँझचा बुद्धही पाहिला. परंतु त्या दिवसातले माझ्यासाठी सर्वांत मोलाचे घडले ते जेवणाच्या वेळी. सोबा नूडल्सच्या रश्श्यात जो दाशी नावाचा अर्क घालतात त्यात बहुधा मासे असतात, म्हणून तुम्ही आम्हाला जपानीत एक चिठ्ठी लिहून दिलीत, उच्चार देवनागरीत. तुम्हाला अस्खलित जपानी येत असूनही तुम्ही स्वतः एक शब्द बोलला नाहीत. चिठ्ठी मला वाचायला लावलीत. मी अडखळत वाचली, मालकीणबाईंनी पूर्ण ऐकून घेतले, आत जाऊन विचारून आल्या आणि आमच्यासाठी उमेबोशी, म्हणजे खारवलेले आंबट फळ, घातलेल्या ओनिगिरी, म्हणजे भाताचे गोळे, घेऊन आल्या. परक्या देशात स्वतःच्या तोंडाने मागून मिळालेले ते माझे पहिले जेवण होते. ती चिठ्ठी आता माझ्या पाकिटात असते आणि गेल्या शनिवारी आम्ही चौघी तुमच्याशिवाय ताकाओला जाऊन, दोनला माथा सोडून परत आलो.

पट्ट्या धुऊन ठेवल्या आहेत. डबाही माझ्याकडेच राहिला आहे, आणि तो रिकामा परत करायचा नसतो. येत्या रविवारी नारळाच्या वड्या करून घेऊन येते. घरी असाल ना?

तुमची,
बूट तुटलेली मुलगी