घर विकायचं का, त्याचं उत्तर

प्रिय दादू,

परवा फोनवर तू म्हणालास, पप्पा त्या गावात आता काय आहे, घर विकून टाका, सुरतला दोन खोल्या वाढवू. मी तेव्हा काही बोललो नाही कारण ओट्यावर आप्पाकाका बसलेले होते. आता रात्री लाईट गेलीय, मोबाईलला चार्जिंग आहे थोडी, म्हणून लिहितो. मोठं होईल, ऑफिसात वाचू नकोस.

तुला वाटतं गावाचं नाव निघालं की मी पाघळतो. पण मी 1993 ला इथून पळूनच गेलो होतो रे. तीन भाऊ, दोन एकर, तीही कोरडवाहू. समोर तापी वाहतेय आणि आपली कपाशी पावसाच्या भरवशावर, कारण नदी खोल, काठ उंच, पाणी वर चढवायला मोटर कुठून आणायची. सारंगखेड्याचं बॅरेज फार नंतर झालं. तेव्हा पाणी सरळ खाली गुजरातेत उकाई धरणाला जायचं आणि पाण्यामागे आम्ही पोरं, दोंडाईच्याहून पॅसेंजर पकडून सुरतच्या उधन्याला उतरायचो. नवापूर स्टेशनला अर्धा बाक महाराष्ट्रात नि अर्धा गुजरातमध्ये, तू लहानपणी एकेक पाय दोन्हीकडे ठेवून उभा राहायचास, आठवतं का?

पांडेसऱ्याच्या मिलमध्ये बारा तासांची पाळी, एका खोलीत आठ जण, डाळीत गूळ. पहिले सहा महिने मी घरून आणलेली नंदुरबारची मिरची डाळीवर टाकून खायचो. पण पगार ठरल्या तारखेला मिळायचा, आणि कुणाचा कोण, कुठल्या भाऊबंदकीतला, हे कुणी विचारायचं नाही. ते मला फार आवडलं, खोटं कशाला बोलू.

मग 1994 चा सप्टेंबर. प्लेगची बातमी आली आणि अख्खं उधना स्टेशन माणसांनी भरलं, मी दारात लटकून आलो. गावात शिरलो तर वेशीवरच थांबवलं. कुणी वाईट बोललं नाही, पण जवळही आलं नाही. आठ दिवस मळ्यातल्या झोपडीत राहिलो. आजी बांधावर भाकरी नि ठेचा ठेवायची, मागे सरकायची आणि तिथूनच विचारायची, ताप शे का रे? मला इतका राग आला होता की वाटलं आता परत तोंड दाखवायचं नाही या गावाला.

आणि 2006 ला उलटं झालं. ऑगस्टमधला तो पूर, तू सहा-सात वर्षांचा असशील. वरचा पाऊस, उकाई भरलं, पाणी सोडलं आणि सुरतला आपल्या खालच्या खोलीत गळ्याइतकं पाणी. म्हणजे आपल्या गावाच्या पुलाखालून गेलेलं पाणीच आपल्या घरात शिरलं की! भाऊबंद सगळे वर खानदेशात, ते काय करणार. वरच्या मजल्यावरच्या ओडिया कुटुंबानं आपल्याला तीन दिवस ठेवलं, त्यांचा भात खाल्ला, तुला ताप आला तर त्या काकू रात्रभर बसल्या. त्यामुळे सुरतला कुणी नावं ठेवली की मलाही चालत नाही. प्लेगच्या टायमाला जे शहर घाण म्हणून देशभर गाजलं तेच 2023 च्या स्वच्छ सर्वेक्षणात इंदूरबरोबर पहिलं आलं, हे मी इथं पारावर दहा वेळा सांगितलंय, लोक कंटाळलेत.

गुजराती म्हणतात ना, जेवण सुरतचं नि मरण काशीचं. आपलं प्रकाशाही दक्षिण काशीच, तेही तापीवर. म्हणजे माझी दोन्ही सोय एकाच नदीवर आहे, हसू नकोस.

तर घराचं. त्या आठ दिवसांचा राग बरीच वर्षं होता. पण आता आठवतं ते एवढंच की मिल बंद, खोलीला कुलूप, तेव्हा कुठं जायचं हा प्रश्न मला पडलाच नव्हता. पाय सरळ इकडेच आले. मळ्यात ठेवलं, पण हाकललं नाही. तो मळा काकांच्या वाटणीला गेला, आपल्याकडे हे घरच उरलंय. ओडिया काकूंना ही सोय नव्हती, त्यांचं गाव दोन दिवस लांब.

विकायचं म्हणशील तर मी गेल्यावर तू ठरव, मी वरून बघायला येणार नाही. मी असेपर्यंत नको.

येत्या रविवारी घरात कानबाई देवी बसतेय. प्रसादाच्या रोटाचे गहू आई नि काकू निवडतायत. रोट भाऊबंदांनीच संपवायचे असतात, बाहेर द्यायचे नाहीत, आणि यंदा खाणारी तोंडं कमी आहेत, पुण्याची मंडळी येत नाहीत म्हणे. शनिवारी सुट्टी टाकून ये. दोंडाईच्याला उतरलास की फोन कर, आप्पाकाकांचा पोरगा गाडी घेऊन येईल. येताना आईच्या बीपीच्या गोळ्या आण, इथल्या दुकानात ती कंपनी मिळत नाही. लोचो आणू नको, मागच्या वेळी नवापूरपर्यंतच आंबला होता.

पप्पा