ड्रमला चिमटा होता, पण रंगावर

संपादक महोदय,

केमिकल कारखान्यातल्या आगीची बातमी आली की शेवटी ‘शॉर्ट सर्किटचा अंदाज’ हे ठरलेलं. कुरकुंभ एमआयडीसीत २७ वर्षं सॉल्व्हेंट, म्हणजे थिनरसारखे पेटणारे द्रव, हाताळलेल्या माझ्यासारख्याला मात्र वेगळाच प्रश्न पडतो. ओतताना ड्रमला अर्थिंगचा, म्हणजे साठलेला विद्युतभार तारेनं जमिनीत सोडणारा, चिमटा होता का?

टोल्युइन हे असंच एक सॉल्व्हेंट. ते पाइपातून वाहताना, उंचावरून पडताना त्यात विद्युतभार तयार होतो. पाण्यातून तो चटकन निघून जातो. टोल्युइनमधून वीज जवळपास वाहतच नाही, म्हणून तो तिथंच साठतो. साधारण ४ अंश सेल्सिअसच्या वर त्याची वाफ पेट घेऊ शकते, आणि पेटवायला लागते ती ठिणगी किती? थंडीत दाराच्या कडीला हात लावताच बसतो ना झटका, त्याहूनही लहान.

आमच्याकडे एका जानेवारीत हेल्पर ड्रमच्या तोटीखाली प्लॅस्टिकची बादली भरत होता. बादलीची कडी तेवढी लोखंडी. बादली बाहेर ओढताना कडी तोटीजवळ आली आणि भप्पकन जाळ झाला. भुवया गेल्या, हात भाजले, जीव वाचला. ड्रमला चिमटा होता, पण रंगावर! त्याचे दात पत्र्यात रुतले नाहीत तर तो लावला काय, न लावला काय. आणि तो नीट असता तरी प्लॅस्टिकमुळे जमिनीपासून तुटलेल्या कडीचं काय? स्टीलची बादली आणि ड्रमला जोडायची तांब्याची तार आम्ही तीन महिने मागत होतो. चौकशीच्या कागदावर ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ आलं, ती मागणी आली नाही.

कारखान्यात निदान अर्थिंग हा शब्द तरी ठाऊक असतो. पेट्रोल पंपावर? फवारणी पंपासाठी, ग्रास कटरसाठी लोक प्लॅस्टिकचा कॅन गाडीच्या सीटवर ठेवूनच भरून घेतात. पिकअपच्या हौद्यात रबरी मॅटवर ठेवलेला पत्र्याचा डबा तर आणखी वाईट, कारण त्याला जमीनच मिळत नाही. पेट्रोलची वाफ तर शून्याखालीही पेटते. मुळात मान्यता असलेलाच डबा हवा, तो जमिनीवर ठेवावा, नोझल तोंडाला टेकलेलं असावं, धार हळू असावी. डबा सोडला तर यात कुठलाही खर्च नाही. मोबाइल बंद ठेवण्याची पाटी हातभर असते. डबा खाली ठेवा म्हणणारी मी अजून पाहिलेली नाही.

परवा पंपावरच्या पोराला हे सांगायला गेलो, तर म्हणाला, “काका, मागं रांग बघा की!”

– एक निवृत्त प्लांट ऑपरेटर, दौंड